आई-बाबांसोबत फ्योर्डची बोट: कोणती घ्यावी आणि दिवस कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नॉर्वेतल्या बर्गनमध्ये तीन रात्री मुक्काम. सोबत पुण्याहून आलेले बाबा (७२) आणि आई (६८, गुडघे दुखतात, शाकाहारी). एक दिवस फ्योर्डसाठी ठेवलाय. पण शोधायला बसलं की तीन तासांपासून बारा तासांपर्यंत डझनभर सहली दिसतात आणि सगळ्यांच्या फोटोत तेच हिरवं पाणी, तेच कडे. मग कोणती घ्यायची? शिवाय बोट लागेल का, थंडी किती असेल, खायचं काय?

लोकांना अशा सहली आखून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधीच सांगतो: अडचण बोट निवडण्याची नसते. बोट जेमतेम दोन तासांची. तिच्या अलीकडे-पलीकडे आगगाडी, बस, पुन्हा आगगाडी असे जे आठ-नऊ तास चिकटलेले असतात, ते आई-बाबांना झेपणार का, हा खरा प्रश्न. म्हणून आधी दिवस ठरवा, बोट आपोआप ठरेल.

"म्हणजे खाडीच ना?" असं आई विचारतीलच, तर त्याचं उत्तर आधी देतो, कारण निवडीचं मर्म त्यातच आहे. दाभोळची खाडी म्हणजे नदीच्या मुखात शिरलेला समुद्र. काठ उतरते, तळाशी गाळ, पाणी उथळ. फ्योर्ड हिमनदीने खरवडून काढलेला असतो, त्यामुळे त्याचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा. कडे सरळसोट पाण्यात उतरतात आणि पाण्याखालीही तसेच खाली जातात. सोग्नेफ्योर्ड आत १,३०० मीटर खोल आहे आणि समुद्राला मिळतो तिथे उंबरठ्यासारखा वर येऊन शंभर-दोनशे मीटरच उरतो. तेव्हा फ्योर्ड बघण्यातली मजा त्याच्या लांबीत नाही, अरुंदपणात आहे. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब, पण मधोमध बोटीत उभं राहिलात तर दोन्ही काठ लांब निळसर दिसतात. तासाभराने कंटाळा येतो, आणि तसं म्हणायची चोरी, कारण तिकिटाला पैसे मोजलेले असतात.

हा निकष लावला की यादी भराभर छाटली जाते.

ऑस्लोफ्योर्डची दोन तासांची बोट छान आहे, पण तिथे बेटं, लाकडी बंगले आणि सखल किनारा आहे. कडे नाहीत. "फ्योर्ड क्रूझ" हे नाव वाचून तेवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ. स्टावांगरहून ल्यूसेफ्योर्डची बोट उत्तम: ४० किलोमीटरचा फ्योर्ड, वर ६०४ मीटरवर प्रायकेस्टोलेनचा चौकोनी कडा. पण तुम्ही बर्गनला आहात आणि मध्ये पाच तासांचा रस्ता आहे. गायरांगर फ्योर्डचंही तेच, बर्गनहून एका दिवसात ते जमत नाही. लोफोटेनची बेटं तर फारच उत्तरेला राहिली. बर्गनहून फ्लोमला, म्हणजे फ्योर्डच्या आतल्या टोकाच्या गावाला, जलद बोट जाते, ती साडेपाच तास घेते. सुरुवातीला मोकळ्या किनाऱ्याच्या पाण्यातून जाताना हलते, आणि वेग इतका की डेकवर फार वेळ टिकाव लागत नाही, म्हणजे काचेआडून बघायचं. ती नको. फ्लोमला रबरी स्पीडबोटीही मिळतात, अंगभर सूट घालून बसवतात. पाण्यावर आपटत जातात, आणि प्रत्येक आपटणं मणक्याला आणि गुडघ्याला कळतं. तुम्ही एकटे असाल तर जरूर जा.

उरले दोन पर्याय.

पहिला, मोस्ट्राउमेनची बोट. बर्गनच्या मासळी बाजाराजवळच्या धक्क्यावरून सुटते, ओस्टरफ्योर्डमधून आत जाते आणि साडेतीन तासांत त्याच धक्क्यावर आणून सोडते. शेवटी एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिथे भरती-ओहोटीची ओढ जोरात असते म्हणून बोट हळू होते. पुढे बोट धबधब्याखाली नाक खुपसते, खलाशी पाणी भरून घेतात आणि सगळ्यांना घोटघोट देतात. डोंगर दुसऱ्या पर्यायातल्या नॅरॉयफ्योर्डइतके उंच नाहीत, हे खरं. पण एकही गाडी बदलायची नाही, काही चुकायची भीती नाही, आणि दुपारी आई-बाबा हॉटेलवर आडवे होऊ शकतात.

दुसरा, नॅरॉयफ्योर्ड. फ्लोम ते गुदवांगेन (किंवा उलट), दोन तास. सोग्नेफ्योर्डच्या फांदीची ही फांदी: १७ किलोमीटर लांब, सगळ्यात अरुंद जागी २५० मीटर, आणि दोन्ही बाजूंची शिखरं सतराशे मीटरच्या घरात. २००५ मध्ये गायरांगरसोबत जागतिक वारसा यादीत गेला. फोटोंत जो फ्योर्ड बघून तुम्ही तिकीट काढायला बसलात, तो बहुधा हाच.

बाबांना दिवसभर प्रवासाची सवय असेल, आईंचे गुडघे बसून दुखत नसतील (काहींचे चालून दुखतात, काहींचे बसून, हे विचारून घ्या), तर नॅरॉयफ्योर्ड. दोघांपैकी एकाला जरी दुपारची झोप लागत असेल तर मोस्ट्राउमेन, आणि त्यात काही कमी केलं असं वाटून घेऊ नका. आणि तीनपैकी एक रात्र बर्गनऐवजी फ्लोमला किंवा शेजारच्या आउर्लांडला काढता आली, तर मी दुसरा कुठला विचारच करणार नाही. तिथे खोल्या मोजक्या असतात, जूनच्या तीन-चार महिने आधी बघाव्या लागतात.

आता नॅरॉयफ्योर्ड एका दिवसात करायचा तर त्याचा सांगाडा असा. वेळापत्रक दरवर्षी आणि हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून मिनिटं देत नाही. बर्गनहून सकाळी आठच्या सुमाराची ऑस्लोकडे जाणारी गाडी, दोन तासांत म्यूरदाल स्टेशन. तिथून फ्लोमची डोंगरी गाडी: २० किलोमीटर, तासभर, ८६६ मीटर उंचीवरून थेट समुद्रसपाटीला, वाटेत २० बोगदे. मध्ये शोस्फॉसेन धबधब्याशी पाचेक मिनिटं थांबते. फलाट लाकडी आणि तुषारांनी कायम ओला असतो, आईंनी दारातूनच बघितलं तरी चालेल. फ्लोमला दुपारचं जेवण. मग बोट गुदवांगेनपर्यंत, तिथून तासाभराची बस वोस या रेल्वेमार्गावरच्या गावाला, आणि वोसहून सव्वा तासाच्या गाडीने बर्गन. संध्याकाळी साडेसहा-सात वाजतात.

बरेच जण हाच फेरा उलटा करतात, आधी वोस आणि गुदवांगेन. मी लोकांना फ्लोमकडूनच पाठवतो, त्याला दोन कारणं. एक, फ्लोमला स्वच्छतागृह, खानावळी, किराणा दुकान आणि बसायला जागा आहे, शिवाय स्टेशन ते धक्का चालत दोन-तीन मिनिटं. गुदवांगेनला यातलं फारसं काही नाही. बोटीची वाट बघायची वेळ आली तर ती फ्लोमला आलेली बरी. दुसरं कारण देखाव्याचं. फ्लोमहून निघाल्यावर पहिला तास आउर्लांड्सफ्योर्डमध्ये जातो, तो एक-दीड किलोमीटर रुंद. मग बायतेलेन नावाच्या डोंगराला वळसा घालून बोट डावीकडे वळते आणि भिंती जवळ यायला लागतात, येतच राहतात, शेवटपर्यंत. उलटं केलं तर सगळ्यात अरुंद भाग पहिल्या अर्ध्या तासात येतो, जेव्हा लोक अजून पिशव्या ठेवताहेत आणि कॉफीच्या रांगेत आहेत.

बोटीविषयी. या मार्गावर २०१६ पासून 'व्हिजन ऑफ द फ्योर्ड्स' आणि २०१८ पासून 'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' या ४२ मीटर लांबीच्या, चारशे प्रवाशांच्या जोडबोटी (कॅटामरान) आल्या. दुसरी पूर्ण विजेवर चालते. तिच्या बाहेरच्या अंगाला डोंगरातल्या पायवाटेसारखा वळणावळणाचा उतार वरच्या मजल्यापर्यंत गेलाय, म्हणजे जिना न चढता वर जाता येतं. गुडघ्यांसाठी हे मोठं सुख. गुदवांगेनचं चार्जिंगही बघण्यासारखं आहे. एवढ्याशा गावाच्या तारांतून बोटीला लागणारी वीज एकदम खेचता येत नाही, म्हणून धक्क्यापाशी बॅटऱ्यांचा तराफा तरंगत ठेवलाय. आपल्या सोसायटीच्या टाकीसारखं: नळाला करंगळीएवढी धार, पण टाकी भरून ठेवली की सकाळी सगळ्यांना पुरतं. तराफा सावकाश भरतो आणि बोटीला वीसेक मिनिटांत रिकामा होतो. १ जानेवारी २०२६ पासून १०,००० टनांखालच्या प्रवासी बोटींना नॅरॉय आणि गायरांगर या वारसा फ्योर्डांमध्ये धूर सोडायला बंदी आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत. प्रवाशाला याचा फायदा कानांनी कळतो. इंजिनाची घरघर नसली की लांबचा धबधबा, काठावरची शेळीसुद्धा ऐकू येते.

चढताना सगळे आतल्या खिडकीच्या जागांकडे धावतात. तुम्ही आत एक टेबल धरा, पिशव्या ठेवा, आई-बाबांना बसवा, पण बघायला बाहेर या. काचेवर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं आणि वरची शिखरं छताआड जातात, निम्मा फ्योर्ड तिथेच कापला जातो. दोन्ही तास बाहेर उभं राहायची गरज नाही. निघाल्यावर थोडा वेळ बाहेर, मग डाव्या हाताला उंड्रेदाल येईल ते बघा. ते शंभरेक माणसांचं गाव, १९८८ पर्यंत रस्ताच नव्हता, सगळं बोटीने. त्यानंतर आत जाऊन चहा-कॉफी. बायतेलेनचं वळण आलं की पुन्हा बाहेर, आणि शेवटची पंचेचाळीस मिनिटं बाहेरच. काठावर स्टीवी, बाक्का अशा दोन-चार घरांच्या वस्त्या लागतात. बाक्काला १८५९ चं पांढरं लाकडी चर्च आहे. फोटोत कड्याची उंची कधीच येत नाही. असं एखादं घर चौकटीच्या तळाशी घेऊन मोबाईल उभा धरला, तर थोडीफार येते.

बोट लागण्याची काळजी सोडा. हे आतलं, चहूबाजूंनी झाकलेलं पाणी आहे, समुद्राच्या लाटा इथवर पोचत नाहीत. कुणाला मळमळलं तर ते वोसच्या बसमध्ये, वळणांमुळे. गोळी घ्यायची सवय असेल तर बोटीच्या आधी नको, गुदवांगेनला उतरायच्या अर्धा तास आधी घ्या.

थंडीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. जूनमध्ये फ्लोमला दुपारी पंधराच्या आसपास अंश असतात. पुण्यातली डिसेंबरची सकाळ, त्यात काय, असं वाटतं. पण बोट १६ नॉटने जाते, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. वारा अजिबात नसला तरी डेकवर तुमच्या तोंडावर ताशी ३० चा वारा आहे, दुचाकीवर बसल्यासारखा, आणि समोरून वारा असला तर त्यात भर. एक जाडजूड स्वेटर इथे उपयोगाचा नाही, वारा त्यातून आरपार जातो. आत थर्मल, वर फ्लीस किंवा पातळ स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे दोघांनाही हवेतच. पुण्याच्या कपाटातली माकडटोपी हसण्यावारी नेऊ नका, डेकवर तिच्यासारखं काही नाही. छत्री डेकवर उघडता येत नाही. आईंनी साडी नेसायचीच असेल तर आत लोकरी लेगिंग आणि पायात मोजे-बूट, कारण वारा पायांनाच आधी गाठतो.

पाऊस येईलच असं धरून चला. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आकडा कोकणापेक्षा कमी, पण तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर टिपटिपतो. अंदाज बघून बोट पुढे-मागे ढकलत बसू नका. पावसात कड्यांवरून रात्रीत नवे धबधबे फुटतात, आणि जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असल्याने मुळातच ते भरलेले असतात. ऑगस्टअखेर कोरडं, स्वच्छ ऊन मिळालं तर आकाश निळं आणि धबधबे दोऱ्यासारखे. माझं मत विचाराल तर ढगाळ जून बरा. फक्त ढग पार पाण्यापर्यंत उतरले असतील तर शिखरं दिसणार नाहीत, त्याला इलाज नाही.

खाण्याचं. बोटीवरच्या कॅफेत कॉफी, सूप, सॉसेज, वॅफल असं मिळतं. वॅफलमध्ये अंडं असतं, सूप कशाचं ते विचारावं लागतं. फ्लोमच्या किराणा दुकानातून ब्रेड, फळं, दही घ्या आणि पुण्याहून आणलेले ठेपले, चिवडा, मेतकूट बाहेर काढा. एक लक्षात ठेवा: युरोपाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नॉर्वेत आणायला मनाई आहे, म्हणजे पेढे, बर्फी घरीच. उंड्रेदालचं तपकिरी शेळीचं चीज तिकडचं खास. चीज करून उरलेली निवळी तासन्‌तास आटवतात, साखर करपून रंग येतो. खव्याची कढईला लागलेली खरवड आठवेल, थोडी खारट. पण मूळ चीज बनवताना दूध बहुधा वासराच्या पोटातल्या रेनेटने फाडलेलं असतं. आई ते पाळत असतील तर आधीच सांगा, खाल्ल्यावर नको.

तिकिटांत दोन रस्ते: सगळे टप्पे एकत्र बांधलेलं पॅकेज किंवा प्रत्येक टप्प्याचं तिकीट सुटं. सुटी काढली तर आगगाडीचं आगाऊ तिकीट स्वस्त पडतं, आणि ६७ वर्षांवरच्यांना रेल्वेत 'होनोर' सवलत आहे. तुमच्या घरातले दोघेही त्यात बसतात, पासपोर्ट जवळ ठेवा. पण स्वस्त तिकीट सहसा बदलता येत नाही, आणि एक टप्पा चुकला तर पुढचे तुमच्या गळ्यात. आई-बाबा सोबत असताना मी पॅकेजचे चार पैसे जास्त देईन. सुटीच काढणार असाल तर बोटीच्या आधी फ्लोमला किमान दीड तास मोकळा ठेवा. बोटीपाशी अर्धा तास आधी पोचलं की चढताना धक्काबुक्की होत नाही.

आरक्षण करण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, बर्गन मार्गावर उन्हाळ्यात रुळांची कामं काढतात, तेव्हा काही टप्प्यात गाडीऐवजी बस येते. वेळापत्रकावर 'बुस फॉर टोग' दिसलं तर तो दिवस टाळा. बस हळू आणि गुडघ्यांना अडचणीची. दोन, फ्लोमला मोठी क्रूझ जहाजं लागतात, एकेका जहाजातून दोन-तीन हजार माणसं चारशे वस्तीच्या गावात उतरतात. त्या दिवशी डोंगरी गाडी, बोट, स्वच्छतागृह, सगळीकडे रांग. बंदराच्या संकेतस्थळावर कुठल्या तारखेला कुठलं जहाज येणार याची यादी असते. तुमच्या तीन दिवसांपैकी जहाज नसलेला किंवा लहान जहाजाचा दिवस निवडा. हे एवढं एक काम केलंत तरी फरक पडतो. फ्लोमला राहणार असाल तर सकाळची पहिली किंवा संध्याकाळची बोट घ्या, जूनमध्ये उजेड रात्री अकरापर्यंत असतो.

गाडी भाड्याने घेतली असेल तर या बोटीवर ती चढत नाही. फ्लोमला लावा, बोटीने गुदवांगेनला जा आणि बसने परत या. ११.४ किलोमीटरच्या बोगद्यातून वीस मिनिटं लागतात. ही बस वोसच्या बसहून वेगळी, पण दोन्ही एकाच धक्क्यापाशी उभ्या असतात. चढण्याआधी पाटी वाचा. आणि "फ्लॅम" म्हणून विचारलंत तर समोरचा बुचकळ्यात पडेल, तिथे "फ्लोम" म्हणतात.